बॅटरी मोठी नको, भरलेली हवी

"मोठी घ्या, जास्त वॉरंटीची घ्या आणि दर रविवारी दहा मिनिटं गाडी सुरू करून ठेवा." क्वचित निघणाऱ्या गाडीची बॅटरी उतरली की सोलापुरात ज्याला विचाराल तो हेच सांगतो. दुकानदार सांगतो, शेजारचे निवृत्त साहेब सांगतात, पुण्याहून मुलगा फोनवर तेच सांगतो. सांगणाऱ्यांच्या हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तक्रार सल्ल्याबद्दल आहे. तो रोज पळणाऱ्या गाडीच्या अनुभवातून आलेला आहे. उभ्या गाडीला तो लागू पडत नाही, आणि हे लक्षात येईपर्यंत दुसरी बॅटरीही बसलेली असते.

आधी ही गाडी कोणाची, ते पाहू. जुळे सोलापुरात, विजापूर रोडला, होटगी रोडच्या बाजूच्या वसाहतींत संध्याकाळी फेरी मारली तर पोर्चमध्ये राखाडी कव्हर घातलेल्या गाड्या दिसतात. मुलं पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला, घरात दोघंच. पूर्वी पुण्याला जायचं म्हणजे अनेक घरांत गाडी निघायची. हुतात्मा एक्स्प्रेस होतीच, त्यात 10 फेब्रुवारी 2023 पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, आणि अडीचशे किलोमीटर स्वतः गाडी हाकायचं कारण उरलं नाही. आता गाडी निघते ती अक्कलकोटला, तुळजापूरला, गर्दी टाळून कधी पंढरपूरला, एखाद्या लग्नाला. आणि दवाखान्याला.

या शेवटच्या कारणासाठी मी हे लिहितो आहे. रोज चालणारी गाडी एखाद्या सकाळी सुरू झाली नाही तर माणूस रिक्षा करून कामावर जातो, अर्धा तास उशीर होतो, संपलं. महिन्यातून एकदा निघणारी गाडी लागते ती रात्री दोन वाजता, छातीत कळ आली म्हणून. तेव्हा चावी फिरवल्यावर नुसतं टिकटिक वाजलं तर त्या घरात काय होत असेल याचा विचार करा. बरं, धक्का मारून सुरू करावी तर तेही दरवेळी जमत नाही. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी गिअर आपल्याकडे आला आणि क्लच दाबून गुडघे दुखणाऱ्या अनेकांनी तशाच गाड्या घेतल्या. त्या धक्का मारून सुरू करता येत नाहीत. रिमोटवर उघडणारं दारही बॅटरी पार उतरल्यावर उघडत नाही. रिमोटच्या पोटात लपलेली साधी किल्ली कुठे असते, हे घरातल्या दोघांपैकी एकाला तरी ठाऊक असेल तर नशीब. म्हणून "एवढी कमी वापरता तर विकून टाका" हा सल्लाही मला मान्य नाही. गाडी कमी वापरली जाते, याचा अर्थ तिची गरज कमी आहे असा होत नाही.

आता बॅटरी मरते कशी, ते पाहू. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1859 साली शिसे आणि सल्फ्युरिक आम्लाची बॅटरी बनवली. आज दुकानात मिळणारी बॅटरी कितीही चकचकीत असली तरी तिच्या आतली क्रिया तीच आहे. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं. चार्ज होते तेव्हा ते विरघळून परत जातं. लवकर चार्ज केली तर सगळं परत जातं. पण बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर त्या सल्फेटचे बारीक कण मोठे होतात, कडक होतात, आणि मग कितीही चार्ज केलं तरी जागचे हलत नाहीत. तेवढी प्लेट कायमची वाया जाते. बॅटरीवाले ज्याला "सल्फेशन झालंय" किंवा "प्लेटा गेल्या" म्हणतात, ते हेच. पूर्ण भरलेली, काही तास विसावलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. 12.4 म्हणजे सुमारे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 म्हणजे जेमतेम पाव. घरच्या साध्या मल्टिमीटरवर हे आकडे दिसतात. उभ्या गाडीच्या मालकानं एवढे चार आकडे लक्षात ठेवले तरी त्याचे बरेच पैसे वाचतील.

मग ती उतरते कशानं? गाडी बंद असली तरी तिच्यातलं सगळं बंद नसतं. घड्याळ, इंजिनच्या कॉम्प्युटरची स्मृती, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, चोरीविरोधी यंत्रणा हे थोडी थोडी वीज घेतच असतात. धडधाकट गाडीत हा ओढा वीस ते पन्नास मिलिअँपिअरच्या घरात असतो. तीस धरा. दिवसाला 0.72 एएच (अँपिअर-तास), तीस दिवसांत साडेएकवीस एएच. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते 35 एएचची. म्हणजे गाडी नुसती उभी राहून महिन्याभरात अर्ध्याहून जास्त बॅटरी खाते. याशिवाय बॅटरी स्वतःहूनही उतरते. आजच्या कॅल्शियम प्लेटांच्या बॅटरीत हे प्रमाण पंचवीस अंशांना महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास असतं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. तेव्हा दोन-तीन एएच त्यात गेले समजा. उष्णता याहून मोठं नुकसान करते: आतली झीजही ती तितक्याच वेगानं वाढवते. सोलापूरच्या उन्हात अर्धवट भरलेली बॅटरी ठेवणं म्हणजे तिला दोन्हीकडून मारणं.

यात कोणाला शंका असेल तर त्यानं 2020 आठवावं. 25 मार्चला देशभर लॉकडाऊन लागला आणि ऐन उन्हाळ्यात गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाहेर पडायची मुभा मिळाली तेव्हा देशभर बॅटऱ्या उतरलेल्या निघाल्या. जुन्या निघाल्या तशा वर्षभरापूर्वी घेतलेल्याही निघाल्या, आणि त्यांत नावाजलेल्या कंपन्यांच्याही होत्या. त्या बॅटऱ्यांत दोष नव्हता. त्या भरायला कोणी नव्हतं.

आता "मोठी घ्या" याकडे येतो. यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. 35 ऐवजी 45 एएचची बॅटरी घेतली तर ती अर्ध्यावर यायला चोवीस दिवसांऐवजी एकतीस दिवस लागतील. मिळाला तो एक आठवडा. पण गाडीचा ओढा तेवढाच राहतो, आणि गेलेले एएच परत भरायचं काम तसूभरही कमी होत नाही. महिन्याला बावीस-तेवीस एएच जाणार आणि पाच-सहा परत येणार असतील, तर मोठी बॅटरीही आज ना उद्या त्याच खड्ड्यात जाते. फक्त जास्त पैसे घेऊन जाते. आपल्या शहराला पाणी पिंपात साठवून वापरायची सवय आहे, त्यामुळे हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही: पिंप गळत असेल तर मोठं पिंप आणून भागत नाही. शिवाय ट्रे, क्लॅम्प आणि केबलची लांबी कंपनीनं ठरावीक मापाच्या बॅटरीसाठी केलेली असते. मोठी बॅटरी कशीबशी कोंबून, क्लॅम्पऐवजी रबराच्या पट्ट्यानं बांधून दिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. खड्ड्यात आदळल्यावर टर्मिनल बॉनेटला टेकलं तर काय होईल, हे तसं बांधून देणाऱ्यानं सांगावं.

"मोठी"चाच दुसरा अवतार म्हणजे सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर). डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला हा आकडा जितका जास्त तितकी बॅटरी दमदार, असं काउंटरवर सांगतात. हा आकडा उणे अठरा अंश तापमानाला मोजतात. बर्फात गोठलेलं इंजिन फिरवायला बॅटरी तीस सेकंद किती अँपिअर देऊ शकते, याचं ते माप आहे. सोलापुरात जानेवारीच्या पहाटेही पारा दहा-बारा अंशांखाली क्वचितच जातो. आपलं इंजिन फिरवणं हे बॅटरीला इथे सर्वांत सोपं काम आहे. अवघड आहे ते मे महिना भरलेल्या अवस्थेत काढणं, आणि त्याचं माप कोणत्याच डब्यावर छापलेलं नसतं.

एजीएमचंही तसंच. युरोप-अमेरिकेतले लोक उभ्या गाडीला एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूंच्या पडद्यात शोषून ठेवणारी, सीलबंद) लावा म्हणतात आणि आपली शिकलेली मुलं तो सल्ला तिथून उचलून आणतात. एजीएम आपोआप कमी उतरते हे खरं. पण वर हिशेब केला त्यात आपोआप उतरण्याचा वाटा आठवा-दहावा होता. उरलेला सगळा ओढा गाडीचा. तो एजीएम थांबवत नाही. उतरलेली ठेवली तर तिच्या प्लेटांवरही तसंच सल्फेट बसतं, उन्हात आतला ओलावा कमी झाला तर पाणी घालायची सोय नाही, आणि किंमत बरीच जास्त. गाडी सिग्नलला आपोआप बंद-सुरू होणारी असेल आणि कंपनीनंच ईएफबी किंवा एजीएम दिली असेल, तर तीच बसवा, त्यात काटकसर नको. साध्या गाडीला ती लावून साध्य काहीच होत नाही.

वॉरंटीबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे, कारण इथे माणसाच्या भाबडेपणावर पैसे घेतले जातात. छत्तीस महिने, अठ्ठेचाळीस महिने, साठ महिने असे आकडे ऐकून ज्येष्ठ माणूस निर्धास्त होतो. कार्ड उलटून वाचा. त्या मुदतीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बॅटरी सदोष निघाली तर फुकट बदलून मिळते. दुसऱ्या भागात फक्त नव्या बॅटरीच्या किमतीत सूट, आणि ती सूट छापील किमतीवर. दुकानात एरवीच छापील किमतीपेक्षा कमी दर मिळतो, त्यामुळे त्या सुटीत हाती काय उरतं ते पाहा. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी वॉरंटी नसते, जुनीच उरलेली पुढे चालते. आणि मुख्य गोष्ट: वॉरंटी निर्मितीतल्या दोषाची असते. बॅटरी उतरली, हा दोष नव्हे. बॅटरी घेऊन गेलात की ती चार्जिंगला लावतात, भरते, परत देतात. उतरलेल्या अवस्थेत ठेवून प्लेटा गेल्या असतील तर तो वापरणाऱ्याचा दोष. म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी ज्या एका कारणानं मरते, नेमकं तेच कारण वॉरंटीत बसत नाही. मग त्या वाढीव महिन्यांचे पैसे कशासाठी?

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी बोलत नाही. बॅटरी फळीवरही उतरत असते. पत्र्याच्या शेडखालच्या गोदामात सहा महिने पडलेली, आपल्याकडचा उन्हाळा काढलेली बॅटरी नवी म्हणून विकली जाते तेव्हा तिचं आयुष्य आधीच कमी झालेलं असतं. जे मॉडेल कमी खपतं ते फळीवर जास्त दिवस पडून राहतं, आणि छोट्या गाडीच्या मापात महागडं, लांब वॉरंटीचं मॉडेल रोज खपत नाही. म्हणून माझं म्हणणं उलटं आहे. ज्या मापाची, ज्या मॉडेलची बॅटरी त्या दुकानातून रोज जाते, ती घ्या. ताजी मिळेल.

आता रविवारची दहा मिनिटं. हा सल्ला सर्वांत जास्त पाळला जातो, म्हणून सविस्तर सांगतो. काही जण म्हणतात की सेल्फ मारण्यातच सगळी बॅटरी जाते. ते खरं नाही. दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे एक एएचच्या दहाव्या भागाहूनही कमी. ते मिनिटभरात भरून निघतं. प्रश्न आठवडाभराच्या ओढ्याचा आहे. सात दिवसांत गाडीनं पाच एएच खाल्लेले असतात. उभ्या जागी, मंद फिरणाऱ्या इंजिनावर दहा मिनिटांत बॅटरीत जातात फार तर दीड-दोन. एसी लावून बसलात तर तेही नाहीत. दर रविवारी तीन एएचचा खड्डा पडत जातो आणि माणूस समाधानानं घरात येतो की गाडी सुरू झाली. ती होतेच, कारण उन्हाळ्यात छोटं पेट्रोल इंजिन अर्ध्या बॅटरीवरही फिरतं. मग एक दिवस होत नाही.

इंजिनालाही हे बाधतं. दहा मिनिटांत ते पुरेसं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, अर्धवट जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये कोणी हे करत असेल तर त्यानं आजच थांबवावं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. खर्च पाहा: एका वेळी शंभर मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल, वर्षाला पाच लिटरच्या वर. आणि एवढं करून बॅटरी अर्धीच.

"मग आम्ही अक्कलकोटला जाऊन येतो की महिन्यातून एकदा!" जरूर जा. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, दोन तास इंजिन चांगलं चालतं, टायरलाही बरं, ब्रेकलाही बरं. गेलेलं बरंचसं परत भरतं. पूर्ण भरत नाही, कारण बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत झपाट्यानं भरते आणि मग करंट घेणंच कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांना काही तास लागतात, अल्टरनेटर कितीही दणकट असो. रोजच्या गाडीत हे तास आठवड्याभरात जमतात. उभ्या गाडीत ते कधीच जमत नाहीत, आणि वरचा तो पाचवा हिस्सा महिनोन्‌महिने रिकामा राहून कडक होतो.

म्हणून पैसे बॅटरीवर नाही, चार्जरवर घाला. भरल्यावर आपोआप करंट कमी करून साडेतेरा व्होल्टच्या आसपास धरून ठेवणारा चार-सहा अँपिअरचा स्मार्ट चार्जर दोन-तीन हजारांत येतो. मोठ्या आणि लांब वॉरंटीच्या बॅटरीसाठी जेवढे जादा पैसे मोजायला निघाला होता, तेवढ्यात तो बसतो, आणि पुढच्या दोन-तीन बॅटऱ्यांना पुरतो. पंधरा दिवसांतून एक रात्र लावायचा. बंगल्याच्या पोर्चमध्ये प्लग असतोच. नसला तर वायरमनचं तासाभराचं काम. महिन्याभरात गेलेले वीस-बावीस एएच भरायला वीज लागते अर्ध्या युनिटपेक्षा कमी. चार्ज होताना बॅटरी थोडा हायड्रोजन सोडते म्हणून बंद खोलीत नको, उघड्या पोर्चमध्ये काही भीती नाही. पूर्वी दुकानात असायचे तसले, कट-ऑफ नसलेले, रात्रभर आम्ल उकळत ठेवणारे चार्जर मात्र घरी आणू नका. आणि दुकानात चार्जिंगला दिलीत तर "दोन तासांत देतो" म्हणणाऱ्याला देऊ नका. 35 एएचच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास, हीच रीत.

प्लग नसेल, किंवा महिना-दोन महिने मुलाकडे जायचं असेल, तर दहा नंबरचा पाना घ्या आणि निगेटिव्ह केबल काढून बाजूला ठेवा. आधी निगेटिव्हच. महिन्याचा बावीस-तेवीस एएचचा खर्च दोन-तीनवर येतो. "नव्या गाडीचा कॉम्प्युटर बिघडेल," असं घाबरवतात. घड्याळ पुन्हा लावावं लागतं, काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागते, खिडकीची ऑटो काच पुन्हा शिकवावी लागते, पहिले काही किलोमीटर इंजिन थोडं अडखळतं. एवढंच. केबल काढायच्या आधी बॅटरी पूर्ण भरलेली हवी, ही अट मात्र विसरू नका. अर्धी उतरलेली बॅटरी वेगळी करून ठेवली तर ती निवांतपणे मरते. गच्चीवर किंवा शेडवर ऊन असेल तर दहा वॅटचं सोलर पॅनेल आणि छोटा चार्ज कंट्रोलर हाही उत्तम उपाय आहे. दिवसाला दोन एएच सहज मिळतात, गाडी खाते पाऊण. ऊन ही आपल्याकडे कधी कमी न पडलेली गोष्ट आहे.

आता खरेदी. पण त्याआधी जुनी खरंच गेली का? "सेल डेड झालाय" हे वाक्य फार पटकन उच्चारलं जातं. रात्रभर हळू चार्ज करा, दुसरी रात्र नुसती ठेवा, मग मोजा. 12.4 च्या वर टिकली तर लोड टेस्ट करायला लावा. पंधरा सेकंद लोड देऊन 9.6 व्होल्टच्या खाली गेली नाही तर तिच्यात जीव आहे. आणि नवी बसवायच्या आधी गाडीचा ओढा मोजून घ्या, नाहीतर नवीही त्याच वाटेनं जाईल. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला हे सोपं काम आहे: निगेटिव्ह केबल काढून मध्ये मल्टिमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावायचा, दारं लॉक करायची, चावी फिरवायची नाही, अर्धा तास थांबायचं. सुरुवातीला आकडा मोठा दिसतो, मग एकेक यंत्रणा झोपते तसा उतरतो. पन्नास मिलिअँपिअरच्या वर अडकला तर एकेक फ्यूज काढून चोर शोधायचा. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा बाहेरून घातलेला स्टिरिओ निघतो. फास्टॅगवर लोक उगाच संशय घेतात. त्याला गाडीची वीज लागतच नाही.

दुकानात जुन्या बॅटरीवरचा कोड वाचून दाखवा. उदाहरणार्थ 38B20L, म्हणजे बी-ट्वेंटी-एल. 38 हा क्षमतेचा दर्जा, बी हे रुंदी-उंचीचं माप, 20 ही लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते सांगतं. एलऐवजी आर आणली तर केबल पोचत नाही, आणि ओढून-ताणून उलटी जोडली तर इंजिनचा कॉम्प्युटर जळतो. माप आणि बाजू कंपनीनं दिली तीच. कंपनी कोणती, यावर मी वाद घालणार नाही. एक्साइड घ्या, अमरॉन घ्या, टाटा ग्रीन घ्या. निर्मितीची तारीख दाखवायला सांगा, तीन महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम, सहा महिन्यांच्या पलीकडची असेल तर परत ठेवा. समोर मल्टिमीटर लावायला सांगा. साडेबाराच्या खाली असेल तर ती नवी नाही, नुसती न वापरलेली आहे. ज्या दुकानदाराला हे विचारलेलं आवडत नाही, त्याचं दुकान सोडा. जुनी बॅटरी तिथेच द्या, तिचे पैसे वजा होतात. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याला चार पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नका. उघड्यावर शिसं वितळवलं जातं तिथे जवळपास मुलं खेळत असतात.

घरी आणल्यावर झाकणं उघडणारी असतील तर उन्हाळ्याआधी एकदा पाण्याची पातळी पाहा. डिस्टिल्ड वॉटरच घाला. आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं, त्यात क्षार असतात. आणि "थोडं ॲसिड टाकतो, दम येईल" म्हणणाऱ्याला बॅटरीला हात लावू देऊ नका.

राहता राहिली फ्लॅटमध्ये राहणारी मंडळी. त्यांचं म्हणणं मला पुन्हा पुन्हा ऐकू येतं की पार्किंगला प्लग नाही, दहा किलोची बॅटरी उचलून तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार, म्हणून आम्ही आपली मोठी बॅटरी घेतो. अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा इलाज बॅटरीच्या दुकानात नाही, सोसायटीच्या कमिटीकडे आहे. इलेक्ट्रिक स्कूटरसाठी अनेक इमारतींत पार्किंगला पॉइंट निघू लागले आहेत. त्याच पॉइंटवर, सब-मीटर लावून, उभ्या गाड्यांनी आळीपाळीनं एकेक रात्र घ्यावी. एका गाडीला महिन्याला अर्धं युनिटही लागत नाही. लिफ्ट एका दिवसात त्याहून जास्त खाते. कमिटीत बहुतेक मंडळी ज्येष्ठच असतात आणि त्यांच्याही गाड्या कव्हरखालीच उभ्या असतात. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी द्या, वायरमनचं अंदाजपत्रक सोबत जोडा, आणि मार्चच्या आत करून घ्या, म्हणजे उन्हाळा लागायच्या आधी पहिली फेरी पूर्ण होईल.